पाठ टेकल्यावर

शहापूरच्या एसटी स्टँडवर, शनिवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास, एका अनोळखी माणसाने मला किन्हवलीच्या गाडीच्या पायरीवरून खाली पाडलं आणि मी उताणा पडलो. कारण अगदी क्षुल्लक होतं. जागा धरण्यासाठी त्याने खिडकीतून टाकलेला रुमाल बाकावरून घसरून खाली गेला होता. मला तो दिसला नाही आणि मी तिथे बसलो. दुधाचे रिकामे कॅन वर चढवून तो आत आला आणि बोलू लागला, तेव्हा वाद नको म्हणून मी मुकाट्याने उठलो आणि दाराकडे निघालो. माझ्या त्या मुकाट उठण्याचाच त्याला राग आला. “न बोलता चाललास, म्हंजे मी खोटा का?” असं म्हणत त्याने मागून दंड धरून मला आपल्याकडे वळवलं. माझा पाय पायरीवरून सुटला. डांबरावर आधी खांदे, मग कंबर, अशी माझी पाठ पूर्ण टेकली, आणि क्षणभर मला गाडीच्या पत्र्यावर वाळलेले चिखलाचे शिंतोडे आणि त्यावरचं फेब्रुवारीचं पांढुरकं आभाळ एवढंच दिसत राहिलं. मग माझ्या आणि त्या आभाळाच्या मध्ये तो आला. त्याने वाकून उजवा हात माझ्या दिशेने पुढे केला. आणि माझा उजवा पाय, मी काही न ठरवता, जमिनीवरून उचलला गेला. गुडघा छातीशी दुमडला, टाच त्याच्या गुडघ्याच्या रोखाने वळली आणि तिथेच थांबली. तो माणूसही थांबला. माझ्या पायाकडे त्याने पाहिलं ते रागाने नव्हे. एखाद्याच्या पडवीत कधी न पाहिलेलं अवजार टांगलेलं दिसावं तसं पाहिलं. “पाय कशाला उचलला?” तो म्हणाला, “झाला की.” मग त्याने माझं मनगट धरून मला उभं केलं, माझ्या पाठीवर दोन जोरदार थापा मारून धूळ उडवली आणि आत नेऊन आपल्या बाकावर, खिडकीशी, बसवलं.

गाडी सुटल्यावर त्याने विचारलं, “लागला नाय ना?” मी नाही म्हणालो. “कुठले तुमी?” मी गावाचं नाव सांगितलं. “मंग आपलेच की,” असं म्हणून तो सरळ बसला आणि मुंबई-आग्रा रस्ता मागे पडेपर्यंत झोपीही गेला. त्याचं डोकं दर वळणाला माझ्या खांद्यावर येऊन टेकत होतं. ज्या माणसाने दहा मिनिटांपूर्वी मला खाली पाडलं, त्याच्या डोक्याचं वजन मी खांद्यावर घेऊन बसलो होतो आणि त्याचे दोन शब्द पुन्हा पुन्हा उलगडून पाहत होतो. झाला की. काय झालं होतं? त्याच्या लेखी काहीतरी घडून पूर्ण झालं होतं, आणि ते कुठल्या क्षणी पूर्ण झालं हे त्याला इतकं स्पष्ट होतं की मला ते ठाऊक नसेल ही शक्यताही त्याच्या मनात आली नव्हती. माझी पाठ टेकली, तोच तो क्षण. त्यानंतर पुढे आलेला हात उचलण्यासाठीच असणार. हे त्याला कुणी शिकवलं नसणार. तो पैलवान दिसत नव्हता, खांदे उतरलेले होते, पोट सुटलेलं होतं. आणि माझ्या पायाला तरी दुसरं काही कुणी शिकवलं होतं? मी एका लहानशा वाचनालयात पुस्तकं लावणारा, मोठ्याने बोलताना घसा कोरडा पडणारा माणूस. तरी माझी टाच त्या दोन सेकंदांत अचूक वळली होती. आणि हा पाय, हा हात, हे अंतर मी आधी एकदा पाहिलेलं होतं; तेव्हा मात्र पाय थांबला नव्हता.

पंचाण्णव सालची ती गोष्ट. तेव्हा मी दहावीत होतो आणि कान्हा माझ्याच वर्गात होता. कान्हा आमच्या गावाबाहेरच्या वाडीतला. वाडीतल्या लोकांना जमीन नव्हती. दिवाळी झाली की बहुतेक घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. कान्हाचा बाप लखमाही जाई. आई, बायडी, मात्र कान्हाच्या शाळेसाठी मागे राहून गावात कांडप-लिंपणाची कामं करी. ती चाळिशीची असेल, पण गावातली आमच्या वयाची मुलंही तिला नुसतं बायडी म्हणत, आणि मीही म्हणत असे, हे आज लिहिताना हात अडखळतो. शाळेच्या व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचं एक पिंप होतं. ते भरण्याची पाळी प्रत्येकाची असे आणि भरत असे कान्हा. त्या दिवशी त्याने रिकामी बादली माझ्या पायाशी ठेवली आणि हसत म्हटलं, “आज तुझी रे.” त्यात उद्धटपणा नव्हता. पण भोवती मुलं होती, त्यांतलं कुणीतरी “ओहो” केलं, आणि मला काहीतरी करणं भाग पडलं. मी बादली लाथाडली. पुढचं सगळं शाळेमागच्या कापणी झालेल्या शेतात, भाताच्या खुंटांवर झालं.

त्या पुढच्याचा विचार मी नऊ वर्षं केला, असं मला वाटत होतं. खरं पाहता मी त्यातला एकच तुकडा पुन्हा पुन्हा पाहत आलो होतो: मी खाली आहे, कान्हा वर आहे, त्याचा हात माझ्या तोंडाकडे येतो आहे. गाडीत बसल्या बसल्या मी त्याच्या अलीकडे जाऊ लागलो, आणि एक गोष्ट प्रथमच दिसली, ती म्हणजे आमच्या दोघांमधलं अंतर. मी त्याच्यापासून चार पावलं दूर उभा राहिलो होतो. डावा हात पुढे, उजवी मूठ कमरेशी, एक पाय मागे. आणि तोंडातून एक बारीक, घुसमटलेला आवाजही काढला होता. कान्हा मात्र थेट जवळ येत होता, दोन्ही हात उघडे, खांद्यांच्या उंचीवर, कारण त्याच्या मते भांडण जवळ गेल्याशिवाय सुरूच होत नव्हतं. आमच्या गावातले जुने लोक असेच भांडत. बांधावरून दोघांचं जुंपलं की आधी टोप्या बाजूला ठेवल्या जात, मग डोक्याला डोकं भिडे, हात मानेवर जात आणि दोघं बैलांसारखे एकमेकांना रेटत राहत. त्यांतल्या कुणीही तालमीचं तोंड पाहिलेलं नसे. पण माघातल्या जत्रेला मातीच्या हौदातल्या कुस्त्या त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या, आणि पाहिलेलं ते डोळ्यांतून खांद्यांत उतरलं होतं. आमच्या हौदाची एक रीत आहे: पाठ टेकली की जिंकणाऱ्याने हरलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हाताने झाडायची. माती झाडल्याशिवाय पंच नारळ देत नाही. बांधावरच्या भांडणात पंच नसे, नारळही नसे. तरी कुणाची पाठ टेकली की दुसऱ्याचे हात आपोआप सैल पडत. लहानपणी मला ते घाबरटपणाचं वाटे. इतका राग, इतक्या शिव्या, आणि एक जण उताणा झाला की सगळं मिटलं?

कारण मी दुसऱ्याच हौदाच्या कडेला वाढत होतो. नव्वदच्या आसपास किन्हवलीला एका कुडाच्या खोलीत रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आला. शाळा सुटल्यावर आम्ही तिथे मारामारीचे परदेशी सिनेमे बघत दाटीवाटीने बसत असू. भाषा कळत नसे, चेहरे परके असत. कळत असे ते फक्त शरीर. त्या चित्रांमध्ये माणसं एकमेकांपासून दूर उभी राहत, वाट पाहत, आणि मग हवेतून येत. मुख्य म्हणजे, नायक नेहमी पडत असे. तो उताणा पडला, खलनायक त्याच्यावर वाकला, की त्या अंधाऱ्या खोलीतले सगळे श्वास थांबत. कारण आता खरी गोष्ट सुरू होणार हे आम्हांला पाठ होतं. पडणं ही तिथली सुरुवात होती. वाकणारा माणूस नेहमी संपवायला वाकत असे आणि खालून एक पाय नेहमी वर येत असे. पुढे, भांडणाच्या वर्षी, अंबरनाथहून एक सर शाळेत शनिवार-रविवारी कराटेचा क्लास घ्यायला येऊ लागले. वर्गातली सहा-सात मुलं पांढरे कपडे शिवून घेऊन जायची. मला घरून परवानगी मिळाली नाही. मी मागितलीच नव्हती, कारण सगळ्यांसमोर ओरडावं लागेल याची मला लाज वाटत होती. आठ-दहा आठवड्यांत तो क्लास बंद पडला. पण त्या काही महिन्यांत न जाणारी मुलंसुद्धा वेगळी चालू लागली, वेगळी उभी राहू लागली. घंटेची वाट पाहताना त्यांचे हात नकळत पुढे येत. मीही त्यांतलाच एक होतो.

कान्हाने मला दोन श्वासांत खाली घातलं. माझी ठोसा मारण्याची तयारी अजून चालू होती तोवर त्याने मांडीखाली हात घालून मला उचललं आणि खुंटांवर हळू, होय, हळू, उताणं ठेवलं. मग तो मागे सरला. हे मागे सरणं मी नऊ वर्षांत कधी आठवलं नव्हतं. तो मागे सरला, हसला, चड्डीला हात पुसले आणि मग तोच हात पुढे करत वाकला. त्या वाकण्यात मला व्हिडिओतला वाकणारा माणूस दिसला. माझी टाच त्याच्या गुडघ्यावर बाजूने बसली आणि ओली फांदी मोडताना होतो तसा, मोठा नसलेला, आवाज झाला.

पुढचं त्याहून वाईट. देवळात गावकी बसली, मला विचारण्यात आलं आणि मी सांगितलं की मी पडलो होतो, पाठ टेकली होती, तरीही कान्हा मला मारायला आला, म्हणून मी लाथ मारली. मी खोटं बोलत नव्हतो. मला ते तसंच दिसलं होतं. माझे चुलते दामूकाका तेव्हाही जत्रेच्या कमिटीचे प्रमुख होते. ते म्हणाले, “पडलेल्यावर हात टाकणारा हौदात नको.” कान्हा तसाही आता कधी हौदात उतरणार नव्हता, म्हणून त्या शिक्षेतला अन्याय कुणाच्या लक्षात आला नाही. पण नाव राहिलं, आणि नाव पसरलं. पुढच्या वर्षीपासून वाडीच्या कुठल्याच तरुणाला नुसत्या नारळावरच्या, सगळ्यांत लहान कुस्तीतही कुणी घेईना. का, असं विचारलं की उत्तर तयार असे: ते पडलेल्यालाही मारतात. आता नऊ वर्षांनी वाडीने कमिटीकडे मागणी केली होती की त्यांची मुलं कुस्त्यांना घ्यावीत आणि वाडीच्या वतीने कान्हाला पंच म्हणून उभं राहू द्यावं. रविवारी सकाळी त्यावर बैठक होती. दामूकाकांनी वाचनालयाच्या फोनवर मला कळवलं होतं, “तू ये. तवा बोललास तेच परत एकदा बोल, म्हंजे विषय मिटला.” त्यासाठीच मी त्या गाडीत बसलो होतो. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेल्या त्या दूधवाल्याने, नकळत, माझ्या हातातली एकमेव साक्ष काढून घेतली होती.

गावात उतरल्यावर मी घरी गेलो नाही. कान्हा भाताच्या गिरणीत काम करतो हे ठाऊक होतं. इतकी वर्षं मी त्या रस्त्याने जाणं टाळत आलो होतो. गिरणीच्या दारात पोहोचलो तेव्हा आत यंत्र चालू होतं आणि हवेत कोंड्याचा सोनेरी धूर तरंगत होता. कान्हा एका लाकडी फळीवर उभा राहून वरच्या चाडीत भात ओतत होता. त्याचा डावा पाय काठीसारखा ताठ होता. सगळं वजन उजव्यावर घेऊन तो वळत असे, आणि त्या वळण्यात एक सराईत डौल आला होता. भुवया कोंड्याने पांढऱ्या झाल्या होत्या. मला पाहून त्याने खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला.

“या, कराटेवाले,” तो म्हणाला.

तो पोत्यावर टेकला, ताठ पाय समोर पसरला. “दामूबाबांनी पाठवला ना? उद्या काय बोलू नको म्हनून सांग, असाच ना?”

“नाही. माझा मीच आलो. एक विचारायचं होतं.”

“विचार ना. घाबरतोस काय, आता मी थोडाच उचलतोय तुला.”

“त्या दिवशी मी पडल्यावर तू हात पुढे केलास,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “तो कशाला?”

त्याला प्रश्न समजलाच नाही. “कशाला म्हंजे? उठवायला. पाठ झाडायला. पडलास ना तू?”

“मला वाटलं, मारायला.”

“पडलेल्याला कोन मारतंय रे?” हे बोलताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. जगात अशीही माणसं असू शकतात याचं निखळ आश्चर्य होतं, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं.

“मग तू तेव्हा बोलला का नाहीस?”

“कोनाला बोलू? पाय असा सुजलेला, भोपल्यासारका. आई बोलली की देवलात. तिला बोलले, तुजा पोर हाय, तू तर बोलनारच.” त्याने मांडीवरचा कोंडा झटकला. “ती आता नाय. दोन वर्सं झाली.”

मला हे ठाऊक नव्हतं. वाडीतलं कुणी गेलं तर त्याची बातमी शहापूरपर्यंत येत नाही. खरं तर गावातल्या आमच्या आळीपर्यंतही येत नाही. मी उद्या खरं सांगणार आहे, असं मी म्हणालो. त्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. तो पुढे झुकला आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पिंपाजवळ बादली ठेवणारा मुलगा दिसला.

“पन संदेश, लाथ काय मारलीस रे! खाली पडून, अशी तिरपी. मी लय जनांना करून दाखवली. कोनालाच येत नाय. क्लासच्या सरांनी शिकवली ना ती? नाव काय तिचा?”

“कुणाला दाखवलीस?”

“सगल्यांना. भट्टीवर, नाक्यावर. कोन बोलला पाय काय झाला, तर मी बोलतो, कराटेवाल्यानं मोडला. चांगला शिकलेला होता, पट्टेवाला. मंग लोक पायाकडं नाय बगत.” त्याने छातीवर बोट टेकवलं. “माज्याकडं बगतात.”

तिथे मला गप्प राहता आलं असतं. पण त्या दुपारी माझ्यात सत्याचा एक नवा, काहीसा स्वार्थी हव्यास उत्पन्न झाला होता. एक गाठ सुटली म्हणून सगळ्याच सोडवाव्यात असं वाटत होतं. मी म्हणालो, “कान्हा, मी क्लासला कधीच गेलो नव्हतो.”

“गंमत करू नको.”

“एक दिवसही नाही. ती लाथ मी व्हिडिओवर पाहिली होती. आम्ही किन्हवलीला बघायचो, तिथे. त्यात माणूस पडला की असाच पाय वर करायचा. तिला नाव असेल तर मला ठाऊक नाही.”

चाडीत अडकलेले भाताचे चार दाणे पत्र्यावर टपटपले. आपण काय केलं हे मला हळूहळू कळू लागलं. त्याचा गुडघा मी एकदा मोडला होता. आणि आता, त्या मोडलेल्या गुडघ्याभोवती त्याने नऊ वर्षं राबून जे काही उभं केलं होतं, तेही मी दोन वाक्यांत काढून घेतलं होतं. एका विद्येने त्याला हरवलं होतं, असं तो समजत आला होता. आता उरला होता एक घाबरलेला मुलगा आणि एक पडद्यावरची नक्कल.

“म्हंजे तुला कायपन येत नव्हता,” अखेर तो म्हणाला.

“काही नाही.”

“मला तरी कुठं येत होता. हौदाच्या काठावर बसून बगितलेली कुस्ती. आमाला तालमीत कोन घेनार?” तो हसला. “दोन अडान्यांनी मारामारी केली, आन पाय खराखुरा मोडला.” मग त्याचं हसू विझलं. त्याने भुवयांवरचा कोंडा मनगटाने पुसला आणि खटक्याकडे हात नेत, माझ्याकडे न पाहता, म्हणाला, “उद्या हाताचा बोल. हात कशाला होता, तो बोल सगल्यांना. आईचा पन नाव घे. पन क्लासचा... तो ऱ्हाऊ दे.” आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात सतरंजी पसरली होती. दामूकाका खांबाला टेकून बसले होते. शेजारी कमिटीचे धाऊ आणि रंगू, दोघेही साठी ओलांडलेले, जुन्या हौदाचे साक्षीदार. कान्हा पायरीवर उभा होता. “बस की वर येऊन,” रंगू म्हणाले. “मांडी नाय घालता येत, बाबा,” कान्हा म्हणाला, आणि मंडपात थोडा वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. चारचौघांसमोर माझे शब्द नेहमी घशाशी येऊन परत फिरतात. त्या दिवशी ते आले ते एकाच लयीत, जणू कुणीतरी आधी लिहून ठेवले होते. मी पडलो, माझी पाठ टेकली, कान्हा मागे सरला, त्याने मला उठवायला आणि माती झाडायला हात दिला, आणि त्या हाताला मी लाथ मारली. त्याची आई बायडीबाई तेव्हा याच मंडपात हेच सांगत होत्या आणि त्या खरं सांगत होत्या. “बायडीबाई” हा शब्द ऐकून धाऊंनी मान वर केली. गावात त्या नावाला ती जोड पूर्वी कधी मिळाली नव्हती.

“नऊ वर्सं काय झोपला होतास?” दामूकाका म्हणाले.

“मला तेव्हा तसंच दिसलं होतं, काका.”

“तसाच म्हंजे? पाठ टेकलीवती ना तुजी?”

“टेकली होती.”

“मग संपलाच की!”

“मला ते संपलं असं वाटलं नाही.”

दामूकाका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर रागाच्या आठ्या उमटत होत्या आणि मध्येच पुसल्या जात होत्या. त्यांना खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं होतं. “मंग तुमची मारामारी संपते तरी कवा रे?” त्यांनी विचारलं. त्या कुडाच्या खोलीत आम्ही कितीतरी चित्रं पाहिली, पण दोन माणसं थांबली, एकाने दुसऱ्याला उठवलं, असं एकही मला आठवेना. मी मान खाली घातली.

बराच वेळ आपसांत कुजबुज झाली. मग दामूकाकांनी घसा साफ केला. “चूक आपली झाली,” ते म्हणाले, कुणाची असं न सांगता; पण कमिटीच्या बैठकीत हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. “वाडीची पोरं येऊ देत कुस्तीला. आन कान्हा, शनवारच्या जत्रेत तू पंच. उभा ऱ्हाशील ना पूर्न टाइम?”

“आठ तास उभा ऱ्हातो गिरनीत,” कान्हा म्हणाला.

तिथेच ते संपायला हवं होतं. लोक उठू लागले होते, सतरंजीचा एक कोपरा कुणीतरी दुमडलाही होता. पण धाऊंच्या मनात काहीतरी सलत होतं. “तरी पन,” ते म्हणाले, “निजल्या जागेवरून येक लाथ, आन गुडगा मोडतो? असा कुठं असतंय? हा पोर तर साधा पानी ओढताना दमतो.”

“कराटे शिकलेल्याचा तसाच असतंय,” रंगू म्हणाले. “शालेत क्लास होता ना तवा. काय रे, जायचास ना तू?”

मी पायरीकडे पाहिलं. कान्हा माझ्याकडे पाहत नव्हता. तो मंडपाबाहेरच्या रिकाम्या हौदाकडे पाहत होता, जिथे माती उकरायला अजून सुरुवात झाली नव्हती. पण त्याच्या ताठ पायाशेजारचा चांगला पाय जमिनीवर घट्ट रोवला गेला होता. काल रात्रभर, अंथरुणात, मी स्वतःला सांगत होतो की उद्यापासून माझ्या नावावर एकही खोटी गोष्ट राहणार नाही.

“होय,” मी म्हणालो. “जात होतो.”

“तरीच,” धाऊ म्हणाले.

“पट्टा होता त्याला,” कान्हा पायरीवरून म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता.

“आसं? कुठला पट्टा?” दामूकाकांनी मला विचारलं. मी त्यांच्याच घरात वाढलो होतो. माझ्या खुंटीवर तेव्हा काय टांगलेलं असे, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. पण त्यांच्या प्रश्नात संशय नव्हता. जत्रेत दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या मल्लाबद्दल विचारावं तशी, थोडी आदराची, उत्सुकता होती. मला त्या क्लासमधले रंग आठवले. आठ-दहा आठवड्यांत पांढऱ्यापलीकडे कुणीच गेलं नव्हतं. आणि नऊ वर्षं, भट्टीवर, नाक्यावर, कान्हा कुठला रंग सांगत आला होता ते मला ठाऊक नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी कान्हाकडे पाहत होतो.

त्याने शेवटी मान वळवली.

“काला,” तो म्हणाला.

“काळा,” मी म्हणालो.